प्रवेशद्वारावरची पाटी आणि खांदेरीची लढाई

— बी विंगमधील एक सभासद (माजी खजिनदार)

सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत जे हजर होते त्यांना हा लेख कशासाठी आहे ते सांगायला नको. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय होता 'प्रवेशद्वारावरील पाटीचा मजकूर बदलणे'. सूचक मी. पाच मिनिटांत संपेल असं वाटलं होतं. पाऊण तास चालला. आवाज चढले, दोन सभासद उठून गेले, चहा गार झाला आणि ठराव पुढे ढकलला गेला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "काका, तुम्ही तोंडी सांगताय ते आमच्या डोक्यावरून जातंय. स्मरणिकेसाठी लिहून द्या. सगळे निवांत वाचतील, मग ठरवू."

म्हणून हा लेख. रौप्यमहोत्सवाच्या अंकात खरं तर गोड आठवणी लिहायच्या असतात. ही आठवण गोड नाही, पण आपली आहे.

पाटी

गेटमधून आत येताना डाव्या हाताला निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांची पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय : "इ.स. १६७९ च्या खांदेरीच्या लढाईत याच मांडवा किनाऱ्यावरून छत्रपती शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी रात्रीच्या अंधारात रसद पोहोचवली व इंग्रजांचा पराभव केला."

ही पाटी २०१६ साली लागली. सांस्कृतिक समितीचा निमंत्रक मीच होतो. मजकूर माझा. उत्सव निधीतून ४,२०० रुपये खर्च झाला आणि खजिनदार म्हणून त्या व्हाउचरवर सहीसुद्धा माझीच.

मजकूर आणला कुठून? त्या वर्षी जेट्टीवर बोटीची वाट बघत असताना एक म्हातारे गृहस्थ शेजारी बसले होते. गप्पा मारता मारता खांदेरीचा विषय निघाला. ते म्हणाले, "तेव्हा इकडूनपण होड्या जात असतील." एवढंच. त्यातल्या 'असतील'चं 'गेल्या' मी केलं. 'इकडून'चं 'याच किनाऱ्यावरून' पण मीच केलं. खोटं बोलायचा हेतू नव्हता. मांडवा म्हटलं की बाहेरच्या लोकांना 'अग्निपथ' सिनेमा आठवतो, नाहीतर गेटवेहून येणारी बोट आणि शनिवार-रविवारचे बंगलेवाले आठवतात. आपल्या गावालाही महाराजांच्या इतिहासात एक जागा असावी असं मनापासून वाटत होतं. एखादी गोष्ट मनापासून वाटली की ती खरीच आहे असंही वाटायला लागतं.

व्हाउचर कुठंय?

१९ फेब्रुवारी २०१७. शिवजयंतीला पाटीसमोर मुलांना गोळा करून मी भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. नंतर वडापाव खाताना ए विंगमधले आपले ऑडिटरसाहेब जवळ आले. जुन्या सभासदांना ते आठवत असतील. निवृत्त लेखापरीक्षक, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "खजिनदारसाहेब, गटार साफ करणाऱ्याला दिलेल्या दोनशे रुपयांचंही तुम्ही व्हाउचर मागता. या रसदीचं व्हाउचर कुठंय?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. पण त्या रात्री झोप लागली नाही. पोर्ट ट्रस्टच्या भांडार विभागात माझी उभी नोकरी गेली. माल आला की आवक नोंद, गेला की जावक नोंद, सहीशिवाय खिळासुद्धा हलत नाही. त्या माणसाने शंभर पोरांसमोर बिनसहीचा माल खपवला होता.

पुरावा शोधायचा तर कसा शोधायचा, हेच मला माहीत नव्हतं. पुस्तकं वाचली होती, कादंबऱ्या तर ढिगाने. पण इतिहास वाचणं वेगळं आणि इतिहासाचा अभ्यास करणं वेगळं. म्हणून त्याच वर्षी, वयाच्या ६२ व्या वर्षी, दूरशिक्षणातून एम.ए.ला नाव घातलं. विषय इतिहास, आणि त्यातही ओढा युद्धांच्या इतिहासाकडे.

आमची ही म्हणाली, "फ्रिजचं गॅरंटी कार्ड सापडत नाही तुम्हाला, सतराव्या शतकातले कागद कसे सापडणार?" नातू तेव्हा दहावीला होता. डायनिंग टेबलच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला मी. तो मला सनावळ्या विचारायचा आणि मी चुकलो की मनापासून खूश व्हायचा.

साठीनंतरचं शिकणं

काही अडचणी खऱ्या असतात, त्या लपवत नाही. तीन तास सलग लिहायची सवय मोडलेली असते. पहिल्या पेपरला दीड तासानंतर बोटं वळेनात. काल वाचलेलं नाव आज आठवत नाही. मोडी लिपी तर अजूनही मला अडखळतच वाचता येते. परीक्षेच्या हॉलवर पर्यवेक्षकाने मला "काका, पालकांनी बाहेर थांबायचंय" असं सांगितलं तेव्हा हॉल तिकीट दाखवावं लागलं. निकाल द्वितीय श्रेणीचा लागला.

पण उशिरा शिकण्याचे फायदेही असतात. एक म्हणजे आपल्याला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं. दुसरं, आयुष्यभर केलेलं काम अचानक उपयोगी पडतं. त्याबद्दल पुढे येईलच.

धीर द्यायला मोठी माणसंही होतीच. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून १९२५ साली निवृत्त झाले, तेव्हा साठीला आले होते. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादित केले ते त्यानंतर. मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन भागांत प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. कर्नल रा. द. पळसोकर तर रणांगणावरून आलेले, मिलिटरी क्रॉस मिळवलेले अधिकारी. त्यांनी पहिल्या बाजीरावाच्या मोहिमांवर पुस्तक लिहिलं ते घोडदळाचा सेनापती म्हणून त्याच्याकडे बघत. मी कुठे आणि ही माणसं कुठे! पण वयाचं निमित्त सांगायची सोय त्यांनी ठेवली नाही, हे खरं.

आमच्या मार्गदर्शक बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "काका, लढाईचा अभ्यास करताना तलवार शेवटी बघायची. आधी तीन गोष्टी बघा : माणसं खात काय होती, वारा कुठून होता, आणि हे आपल्याला सांगतंय कोण?" मग त्यांनी खांदेरीवरच एक दीर्घ निबंध लिहायला लावला. पाटीबद्दल मी त्यांना तेव्हा काही बोललो नव्हतो.

सकाळची पहिली बोट पकडायची, गेटवेला उतरायचं आणि चालत काळा घोड्याला जायचं. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथून टाउन हॉल, म्हणजे एशियाटिकचं ग्रंथालय, फार लांब नाही. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की पेणवरून एसटीने वळसा. ज्या पाण्यावरून रोज जात होतो, त्याच पाण्याबद्दल साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहिलेली पत्रं वाचायची. 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' हा १९३१ साली पुण्यात छापलेला जाडजूड ग्रंथ आहे. त्यात मुंबई आणि सुरतेच्या इंग्रजांनी एकमेकांना पाठवलेली पत्रं आहेत. स्पेलिंगं अशी, की आपल्या खांदेरी-उंदेरीचं त्यांनी 'हेन्री-केनरी' करून टाकलंय.

१६७९ मध्ये काय घडलं

आता मूळ गोष्ट. थळच्या किनाऱ्यासमोर दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, लांबचं खांदेरी. खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडाशी दक्षिणेला आहे. तिथे ज्याची चौकी, त्याला मुंबईत येणारंजाणारं प्रत्येक जहाज दिसणार. महाराजांनी हे फार आधी ओळखलं होतं. मुरुड-जंजिऱ्याचा सिद्दी आणि मुंबईचे इंग्रज यांच्या मधोमध ती पाचर होती.

१६७९ च्या ऑगस्टअखेरीस, म्हणजे पावसाळा सरता सरता, मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि बांधकाम सुरू झालं. वेळ बघा. मोठी जहाजं पावसाळ्यात बंदरात बांधून ठेवलेली असतात. आपल्या बोटसेवेचंही तेच. समुद्र उघडायच्या आत पाय रोवायचा हा हिशेब होता.

इंग्रजांनी आधी लहान गलबतं पाठवली, मग 'हंटर' आणि 'रिव्हेंज' ही मोठी जहाजं. बेट आमचं आहे, निघून जा, असा निरोप गेला. मायनाकाने नकार दिला. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. मग वेढा पडला. कोणतीही होडी बेटाकडे जाऊ द्यायची नाही, म्हणजे आतली माणसं उपाशी पडून आपोआप शरण येतील, असा इंग्रजांचा विचार.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाचं आरमार दक्षिणेकडून आलं. लहानमोठी चाळीस-पन्नास गलबतं. इंग्रजांची आठ होती. गडबडीत त्यांचं 'डव्ह' नावाचं गुराब शरण गेलं, बाकीची लहान गलबतं पळाली. एकटं 'रिव्हेंज' उरलं. त्याच्यावर कॅप्टन मिंचिन आणि कॅप्टन रिचर्ड केग्विन होते. त्यांनी तोफा चालवल्या, मराठ्यांची काही गलबतं बुडवली आणि आरमार नागावच्या खाडीकडे मागे गेलं. (ही तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाची आहे. आजच्या कॅलेंडरप्रमाणे दहा दिवस मिळवायचे. हे मला एका पेपरात चुकलं होतं, म्हणून मुद्दाम सांगतो.)

नोव्हेंबरात सिद्दी कासम इंग्रजांच्या मदतीला आला आणि त्याने बेटावर तोफा डागल्या. पण इंग्रजांना त्याचीच धास्ती. हा बेट जिंकून स्वतःच ठेवून घेईल तर? शिवाय सुरतेचे वरिष्ठ खर्चावरून रोज कुरकुरत होते. ती पत्रं वाचताना मला आपली सर्वसाधारण सभा आठवायची. वॉचमन हवा सगळ्यांना, मेंटेनन्स वाढवायला कुणी तयार नाही! शेवटी इंग्रजांनी जहाजं मागे घेतली. १६८० च्या जानेवारीत सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. इंग्रजांनी महाराजांशी तह करून वाद मिटवला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. पुढे १७१८ मध्ये, कान्होजी आंग्र्यांच्या काळात, इंग्रज पुन्हा खांदेरीवर चालून आले आणि तेव्हाही हात हलवत परत गेले.

वेढा का फसला

हे वाचताना माझा जुना भांडारवाला जागा झाला. दीडशे माणसं, दिवसाला किती तांदूळ? तोफेची दारू किती? बेटावर भिंत बांधायची तर लाकूड, हत्यारं, जादा माणसं? हे सगळं समुद्रातून, शत्रूच्या जहाजांच्या मधून गेलं पाहिजे. एक रात्र नव्हे, महिनोन् महिने.

आणि ते जात होतं. इंग्रज पत्रांमधून पुन्हा पुन्हा हीच तक्रार येते की रात्री लहान होड्या सुळकन् निघून जातात आणि आपल्याला काही करता येत नाही. असं का होतं, ते मला ग्रंथालयात पूर्ण कळलं नाही. ते कळलं थळला. तिथले एक नाखवा खांदेरीच्या वेताळाला आम्हाला घेऊन गेले होते. त्यांना मी विचारलं, तर हसले. म्हणाले, "मोठ्या बोटीला पाणी लागतं आणि वारा लागतो. होडीला काय लागतं? दोन हात." मग त्यांनी समुद्राकडे बोट करून खडक कुठे आहेत, ओहोटीला पाणी किती उरतं, पाऊस गेल्यावर रात्री जमिनीकडून वारा कसा सुटतो ते दाखवलं. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. मतलई वारा म्हणजे रात्रीचा जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. किनाऱ्यावरून बेटाकडे निघालेल्या होडीला तो पाठीमागून ढकलतो. मोठं जहाज मात्र वारा पडला की नांगर टाकून उभं.

साठ पानं वाचून जे उमगलं नव्हतं ते वल्हं धरणाऱ्या माणसाने दोन वाक्यांत सांगितलं. उलट त्या नाखवांना १६७९ हे साल माहीत नव्हतं. दोघांकडचं एकत्र केलं तेव्हा कुठे चित्र पूर्ण झालं.

रसदीचं मोल महाराजांना किती होतं, याचं एक पत्रच आहे. प्रभावळीच्या जिवाजी विनायक या सुभेदाराने आरमारासाठी नेमून दिलेलं धान्य आणि पैसा दौलतखान व दर्यासारंग यांना वेळेवर पोहोचवला नाही. त्याला महाराजांनी जे झापलंय ते वाचून माझ्यासारख्या भांडारवाल्याची मान खाली जाते. ते पत्र तलवारीबद्दल नाही. धान्य वेळेवर का गेलं नाही, याबद्दल आहे.

पाटीवरचे तीन शब्द

एवढा अभ्यास झाल्यावर एक दिवस बोटीतून उतरून घरी येताना मी गेटपाशी थांबलो आणि स्वतःचीच पाटी परीक्षकासारखी वाचली. तीन शब्दांखाली लाल रेघ मारावी लागली.

पहिला शब्द 'याच'. कागदांमध्ये रसदीच्या आणि आरमाराच्या संदर्भात जी नावं येतात ती थळ, नागाव, चौल यांची. नकाशा काढला. थळहून खांदेरी पाचेक किलोमीटर. मांडव्याहून बारा-तेरा. कुणी म्हणेल, नागावही जवळपास तेवढंच लांब आहे. बरोबर. पण नागावची खाडी दक्षिणेला, इंग्रजांच्या नजरेआड. मांडवा कुठे? मुंबई बंदराच्या तोंडावर, इंग्रजांच्या अगदी समोर! आज आपल्याला गच्चीवरून मुंबईचे दिवे दिसतात म्हणून आपण खूश असतो. पण जिथून मुंबई दिसते, तिथूनच मुंबईलाही आपण दिसतो. चोरून धान्य न्यायला ही जागा कोण निवडेल? एखादी होडी इथूनही गेली असेल, नाही असं नाही. पण 'असेल' आणि 'याच' यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेवढ्यासाठीच मी दोन वर्षं शिकत होतो.

दुसरा शब्द 'मावळे'. मावळ म्हणजे घाटावरची खोरी. दर्यावरची ही लढाई लढली ती किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी माणसांनी. मायनाक भंडारी हा नावातच जात सांगणारा, आरमाराचा सरदार दौलतखान, आणि वल्हं मारणारे इथलेच लोक. 'मावळे' लिहून मी त्या सगळ्यांना एका झटक्यात होडीतून खाली उतरवलं होतं. आपल्या सोसायटीत मासळी घेऊन येणाऱ्या ताईंच्या पूर्वजांचा मान आपल्याच गेटवर आपण दुसऱ्याला देऊन बसलो होतो.

तिसरा शब्द 'पराभव'. १८ ऑक्टोबरचा दिवस इंग्रज आपल्या विजयाचा मानतात, आणि 'रिव्हेंज'ने जे केलं ते धाडसाचं होतंच. पण त्या दिवसाची चकमक आणि त्या मोहिमेचा निकाल वेगळा. आरमार मागे गेलं, तरी होड्या जात राहिल्या. भिंत उंच होत गेली. इंग्रजांकडे तोफा होत्या, दम नव्हता. त्यांना मारून हाकललं असं नाही. पुरवठा तुटू दिला नाही, म्हणून ते थकून गेले. माझ्या मते ही गोष्ट पराभवापेक्षा मोठी आहे. आणि हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः हरलेल्या बाजूच्या तक्रारींच्या पत्रांतून. शत्रू स्वतःच्या वरिष्ठांकडे रडतोय, तेव्हा तो आपली खोटी स्तुती नक्कीच करत नाही.

सहा वर्षं

एम.ए. २०१९ साली झालं. सोसायटीने हॉलमध्ये शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. भाषणात मी खांदेरीबद्दल बोललो, पाटीबद्दल बोललो नाही. मग कोरोना आला. २०२१ मध्ये ऑडिटरसाहेब गेले. त्यांना निबंध वाचायला द्यायचा राहिला. देता आला असता, पण दिला नाही. तो दिला असता तर त्यांनी पहिला प्रश्न पाटीचाच विचारला असता, हे मला ठाऊक होतं.

मी का गप्प बसलो? साधं कारण आहे, लाज वाटत होती. दर शिवजयंतीला नवी मुलं तीच पाटी मोठ्याने वाचायची आणि मी मागे उभा राहून टाळ्या वाजवायचो.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग, तमिळनाडूतली जिंजी आणि त्यांच्या पंक्तीत आपली खांदेरी. आनंदाने डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवसांनी पुण्याच्या मावसभावाकडून व्हॉट्सअपवर एक फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'युनेस्कोच्या खांदेरीचं रसदकेंद्र, मांडवा! प्रत्यक्ष पुरावा बघा!' पुरावा म्हणून आपल्या गेटवरच्या पाटीचा फोटो होता. माझं वाक्य गावभर फिरून पुरावा बनून माझ्याकडेच परत आलं होतं. उद्या कुणीतरी तो फोटो पुस्तकात घालेल. परवा माझ्यासारखाच एखादा म्हातारा एम.ए. करताना तो वाचेल.

त्या दिवशी मी सेक्रेटरींना पत्र दिलं.

सभेतल्या तीन प्रश्नांना उत्तरं

सभेत एक ताई म्हणाल्या, "मुलांसमोर आपणच आपली गोष्ट खोटी ठरवायची का?" ताई, मुलांना महाराजांबद्दल वाटणारा आदर माझ्या एका शब्दावर उभा असेल तर तो फार कच्चा म्हणायचा. तो तसा नाही. दीडशे माणसं, चार लहान तोफा आणि वल्ह्यांच्या होड्या यांच्या जोरावर इंग्रज आणि सिद्दी दोघांना पुरून उरले, हे खरं आहे आणि त्याला पुरावा आहे. त्याला आपल्या भेसळीची गरज नाही.

एका तरुण सभासदाने विचारलं, "एवढ्याशा पाटीने कुणाचं काय बिघडतं?" चार हजार दोनशे रुपयांच्या हिशेबात एक रुपया चुकला तरी आपण ताळेबंद मंजूर करत नाही. का? रुपया मोठा म्हणून नव्हे. एक चूक चालवून घेतली की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो म्हणून.

आणि तिसरा प्रश्न, जो खरा बोचला : "मग आपल्या मांडव्याचं काय? आपल्याला काहीच नाही का?" आहे ना. आपल्याला समुद्र आहे, जो त्या लढाईचा अर्धा पुरावा आहे. पावसाळ्यात बोटी बंद होतात तेव्हा महाराजांनी ऑगस्टअखेर का निवडली ते आपल्याला न शिकवता कळतं. ऑक्टोबरात रात्री गच्चीवर जमिनीकडचा वारा सुटला की होड्या कशा गेल्या ते अंगाला कळतं. हे पुण्यातल्या किंवा लंडनमधल्या अभ्यासकाला विकत घेता येत नाही.

प्रस्ताव

माझा प्रस्ताव असा आहे. जुनी पाटी फोडायची नाही. ती सोसायटीच्या ऑफिसात ठेवावी, मागे तारीख आणि माझं नाव घालून. नव्या पाटीचा मजकूर पुढीलप्रमाणे असावा :

"इथून दक्षिणेला, थळसमोर, खांदेरीचं बेट आहे. १६७९ मध्ये मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या हाताखाली इथल्या किनारपट्टीवरच्या दर्यावर्दी लोकांनी लहान होड्यांतून रात्री रसद नेऊन ते राखलं. बोटीने जाताना दक्षिणेकडे नजर टाकावी."

सुधारणा सुचवायच्या असतील तर जरूर सुचवाव्यात, फक्त कागद घेऊन याव्यात.

आणखी एक विनंती. येत्या शिवजयंतीला भाषण ठेवू नये. मुलांना थळला न्यावं आणि त्या नाखवांना बोलतं करावं. मुलांनी विचारावं आणि त्यांनी सांगावं. मी मागे उभा राहीन आणि साल विचारलं तर तेवढं सांगेन.

नव्या पाटीचा खर्च मी स्वतः देणार आहे. तो सोसायटीने घ्यावा अशी माझी मागणी नाही. पण पावती मात्र फाडा, आणि व्हाउचर फाईलला लावा. ऑडिटरसाहेबांचा प्रश्न आठ वर्षांहून अधिक काळ उभा आहे. तो एकदाचा निकाली निघू दे.